गावचा शेरीफ, हसू आणि रक्त: एकाच सिनेमात दोन्ही कसं बसवायचं?

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एकजण स्क्रिप्ट लिहितोय. अमेरिकेतलं एक छोटं गाव, तिथला शेरीफ, गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि मध्यावर कळतं की गावातले अर्धे लोक एका मोठ्या गुन्ह्यात सामील आहेत. पहिला अर्धा भाग हलकाफुलका, दुसऱ्यात गोळीबार. मित्रांना वाचायला दिलं तर सगळ्यांचं म्हणणं एकच, साठाव्या पानापर्यंत एक सिनेमा आणि त्यानंतर भलताच दुसरा. एक सीनही टाकलाय त्यांनी, शेरीफ गावच्या न्हाव्याला गोळी घालतो आणि मग एक पंचलाइन मारतो, चौथ्या सीनमध्ये याच न्हाव्याने त्याचे केस कापलेले असतात. विचारलंय की टोन कसा सांभाळायचा.

मी एडिटर आहे, बावीस वर्षं झाली या टेबलावर. मराठी सिनेमे केले, हिंदी सिरीज केल्या, आणि त्यातलं बरंच काम हे हसू आणि मरण एकाच सीनमध्ये असलेलं होतं, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी लेखकाच्या नाही तर कट करणाऱ्याच्या बाजूने देणार. लांब होईल, पण विषय माझ्या फार जवळचा आहे.

माझं मत सरळ आहे. असल्या सिनेमात टोन ठरतो तो शेरीफ मेलेल्या माणसाकडे कसा बघतो यावर. जोक किती आहेत, रक्त किती आहे, याचं प्रमाण जमवत बसू नका. प्रेक्षक थिएटरमध्ये बसून शेरीफच्या चेहऱ्यावरून ठरवतो की इथे हसायचं का गप्प बसायचं. तो आपलं काम मनापासून करत असेल तर तुम्ही त्याच्या आजूबाजूला कितीही वेडेपणा करा, चालतो. त्याने एकदा जरी मेलेल्यावर जोक मारला की त्याच्यासकट गावातला प्रत्येकजण कार्टून होतो, मग पुढे कोणी मेलं काय आणि जगलं काय, कोणाला फरक पडत नाही.

'फार्गो' घ्या, 1996 चा, कोएन बंधूंचा. आता कोणीतरी म्हणेलच की त्यातली मार्ज शेरीफ नाही, ती ब्रेनर्ड नावाच्या गावाची पोलीस चीफ आहे, बरोबर आहे, आणि तो फरक महत्त्वाचा आहे, त्याच्यावर पुढे येतो. पण टोनसाठी याच्याइतका चांगला धडा मला तरी माहीत नाही. 98 मिनिटांचा सिनेमा आहे आणि मार्ज येते ती साधारण एक तृतीयांश सिनेमा झाल्यावर. तोपर्यंत तीन माणसं मेलेली आहेत, एका बाईला पळवून नेलंय, आणि आपण फक्त नालायक माणसांच्या संगतीत आहोत. मग अंधारात फोन वाजतो, सात महिन्यांची गरोदर बाई उठते, नवरा म्हणतो थांब, अंडी करून देतो, खाऊन जा. ती नको म्हणते, तो उठतोच. दोघं खातात, ती टोपी घालून बाहेर जाते, कॅमेरा घरातच थांबतो, नवरा शांतपणे खातोय. आणि ती परत येते. गाडी चालू होत नाहीये, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जम्प द्यावा लागेल.

एडिटर म्हणून हा सीन मी किती वेळा बघितलाय सांगता येणार नाही. जोक असा काहीच नाहीये त्यात. थंडीत गाडी चालू न होणं हे तिकडच्या माणसाच्या रोजच्या आयुष्यातलं, आपल्याकडे पावसात स्कूटरला किक मारत बसतात तसलं. पण कॅमेरा आत थांबवून ठेवलाय ना, त्यामुळे ती गेल्यावरचे ते काही सेकंद आपल्याला नुसतं घर बघायला मिळतं. कोणी दुसऱ्याने ती बाहेर पडल्या पडल्या कट मारून थेट क्राइम सीनवर नेलं असतं, वेळ वाचला म्हणून. तो वेळ वाचवला असता तर पुढचा अख्खा सिनेमा गेला असता, कारण शेवटी ती ज्या घरी परत येणार आहे ते घर आपल्या मनात तयारच झालं नसतं.

मग क्राइम सीन. बर्फात उलटी पडलेली गाडी, मेलेली माणसं. हाताखालचा ल्यू तिला कॉफी देतो. ती पावलांचे ठसे बघून सांगते, एक माणूस मोठा आहे, एक छोटा, कोण कुठून कुठे गेला. सगळं बरोबर सांगते. मध्येच वाकते, ल्यूला वाटतं काहीतरी पुरावा सापडला, तर तिला मळमळतंय, प्रेग्नन्सीचं. दोन क्षणांत ते जातं आणि तिला परत भूक लागते. तुम्ही हसता. पण कोणावर हसलात बघा. मेलेल्यांवर नाही आणि मार्जवरही नाही. तिचं शरीर तिचं काम करतंय आणि ती तिचं काम करतेय, दोन्ही एकाच वेळी, एकाच बर्फात, म्हणून हसू येतं.

त्यानंतर गाडीत बसून जे होतं ते तर मी नवीन मुलांना मुद्दाम दाखवतो. मेलेल्या पोलिसाने त्या रात्री नोंदवहीत गाडीचा नंबर लिहिताना डीएलआर अशी तीन अक्षरं लिहिली होती, ल्यूला वाटलं नंबरच त्या अक्षरांनी सुरू होतो, म्हणून तो तसल्या नंबरच्या गाड्या शोधत बसलाय. ती त्याला सांगते की अरे ती डीलरची, म्हणजे गाड्या विकणाऱ्या शोरूमची प्लेट असेल. ल्यूचा चेहरा पडतो. आणि ती लगेच नंबरप्लेटवरचाच एक बारका जोक सांगते, कशासाठी, तर त्याला वाईट वाटू नये म्हणून. माझ्या दृष्टीने मार्ज कोण आहे ते त्या एका जोकमध्ये कळतं. तीन खून झालेत आणि ती हाताखालच्या माणसाचं मन सांभाळतेय. हा जोक सांगायचा हक्क तिला आहे कारण तो मेलेल्यांवर नाही, जिवंत माणसासाठी आहे. तुमच्या शेरीफला विनोदबुद्धी द्यायची असेल तर ही अशी द्या.

आता गुन्हेगारांकडे या. तिकडे हसू वेगळ्या कारणाने येतं. घरात घुसून बाईला पळवायचा सीन आठवतोय का, ती त्या मोठ्या माणसाच्या हाताला चावते, आणि तो सगळं सोडून बाथरूमच्या कपाटात मलम शोधायला लागतो. घरभर तोडफोड झालीये, बाई जिवाच्या भीतीने शॉवरच्या पडद्यामागे लपलीये, आणि याला मलम पाहिजे. मग ती पडद्यासकट पळत सुटते आणि जिन्यावरून खाली जाते. बघताना तुम्ही हसता आणि हसल्याबद्दल पोटात कसंतरी होतं, डार्क कॉमेडी म्हणतात ती हीच. त्याला मलम हवंय हे त्याच्या बाजूने अगदी खरं आहे. तो विनोद करत नाहीये, त्याचा हात दुखतोय.

अजून एक वस्तू सांगतो, बर्फ खरवडायची ती प्लास्टिकची पट्टी. सासऱ्याने पैशाच्या बाबतीत तोंडाला पानं पुसल्यावर जेरी, म्हणजे ज्याने पैशांसाठी स्वतःच्याच बायकोला पळवायला लावलंय तो, पार्किंगमध्ये येतो, काचेवर बर्फ साचलाय, तो खरवडायला लागतो, मध्येच त्याचा तोल जातो, आपटाआपटी करतो, मग थांबतो. आणि परत खरवडायला लागतो. कारण घरी तर जायचंय ना, काच साफ केल्याशिवाय जाणार कसा. नंतर त्या दोन गुन्हेगारांपैकी छोट्या कार्लच्या हाताला नऊ लाखांवर डॉलर लागतात, तो ते रस्त्याकडेच्या कुंपणाजवळ बर्फात पुरतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, सगळीकडे एकसारखं कुंपण आणि एकसारखा बर्फ, मग खूण म्हणून तीच तसली छोटी पट्टी वर खोचतो. आणि हाच माणूस आधी विमानतळाच्या पार्किंगमध्ये चार डॉलरसाठी भांडलेला असतो, आणि नंतर एवढे पैसे पुरून ठेवलेले असताना एका गाडीच्या अर्ध्या किमतीवरून झालेल्या वादात जीव घालवतो. हे लिहिणाऱ्याला कोणालाही मजेशीर डायलॉग द्यावा लागला नाही. थंडी, वस्तू आणि हाव, बस, तेवढ्यात भागलं.

संगीताचं बघा. कार्टर बरवेलने एका नॉर्वेजियन जुन्या भजनासारख्या गाण्यावरून मुख्य धून केली आणि ती चांगली भारदस्त वाजवली, जणू काही मोठी शोकांतिका चाललीये. कुठेही टिंगटिंग नाही, कुठेही 'आता हसा' असं सांगणं नाही. यावर माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण यात आपल्याकडे सगळ्यात जास्त घाण होते.

काही वर्षांपूर्वी मी एका सिरीजचं एडिटिंग करत होतो, तालुक्याच्या गावातली गोष्ट. त्यात एक हवालदार खून झालेल्या घरी पंचनामा लिहितोय, आणि घरातली म्हातारी आजी त्याला चहा देते, घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणते. त्याच्या एका हातात पॅड, एका हातात पेन, आता कप कुठे धरणार. खाली ठेवावा तर जमिनीवर डाग आहेत, टेबलावर ठेवावा तर टेबल पुराव्यात आलंय. इकडे तिकडे बघतो आणि शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो. रफ कटमध्ये आम्ही याच्याखाली एक गमतीशीर धून टाकलेली, तारा छेडल्यासारखी. दहा-बारा लोकांना दाखवलं, एकही हसला नाही. दोन दिवस आम्ही धूनच बदलत बसलो, ही नको ती घेऊ, जरा फास्ट करू. तिसऱ्या दिवशी मी ती काढूनच टाकली. फक्त पंख्याचा आवाज ठेवला, बाहेर लांब कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी, आणि कप खिडकीत ठेवल्यावर पुढचा कट लगेच न घेता कपावरच दोन सेकंद थांबलो. वाफ निघतेय. तेच लोक हसले, आणि हसून झाल्यावर खोलीत एकदम शांतता झाली, कारण मागे आजी उभी होती आणि तिच्याच घरात माणूस गेला होता. आधीची धून त्यांना ती आजी बघूच देत नव्हती.

तर स्क्रिप्ट लिहितानाच हे डोक्यात ठेवा. जिथे तुम्ही कंसात 'गमतीशीर' वगैरे लिहिलंय ते सगळं खोडा आणि बघा सीन उभा राहतो का.

आता शेरीफ आणि पोलीस चीफमधला फरक, कारण तुमच्या स्क्रिप्टमध्ये मला हा धागा वापरलेलाच दिसत नाही आणि सगळ्यात मोठा ऐवज तर तिथेच पडलाय. पोलीस चीफ शहराने नेमलेला असतो. शेरीफ काउंटीचा, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारख्या भागाचा, आणि बहुतेक ठिकाणी लोकांनी मत देऊन निवडलेला. तिकडे तीन हजारांहून जास्त काउंटी आहेत, त्यातल्या कितीतरी अशा की एकच मोठा रस्ता, एक डायनर म्हणजे साधं खाण्याचं हॉटेल, एक चर्च आणि कोर्टाची इमारत. शेरीफ काउंटीचा तुरुंग चालवतो, कोर्टाचे कागद घरोघर पोचवतो, हप्ते थकले की घर खाली करवून घेतो, जप्त मालमत्तेचा लिलाव करतो. म्हणजे बघा, ज्या माणसाचं घर तो मंगळवारी खाली करवतो त्याच माणसाकडे त्याला चार वर्षांनी मत मागायला जायचंय. ज्यांच्यावर संशय घ्यायचा तेच त्याचे मतदार. यापेक्षा चांगली विनोदाची आणि भीतीची जागा कुठे मिळणार तुम्हाला?

आपल्याकडे शेरीफ म्हटलं की मुंबईचे नगरपाल, तो मानाचा हुद्दा, 1980 मध्ये दिलीपकुमार होते त्या पदावर, त्याचा या शेरीफशी नावापुरताच संबंध. मूळ शब्द इंग्लंडचा, परगण्याचा कारभारी अशा अर्थाचा, तिथून तो मुंबईतही आला आणि अमेरिकेतही गेला, वाटा मात्र वेगळ्या झाल्या. कामाच्या दृष्टीने आपल्याकडचा जवळचा माणूस शोधायचा तर पोलीस पाटील, 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यातला. तो निवडून येत नाही, त्याच्या कमरेला पिस्तूल नसतं, पण तो गावातच राहतो, त्याच लोकांच्या लग्नाला जेवतो आणि त्यांचीच खबर ठाण्याला देतो. तुम्ही गावाकडचे असाल तर तो ताण तुम्हाला सांगायला नको. तोच ताण त्या अमेरिकन गावात न्या, पण गाव मात्र अमेरिकनच ठेवा, पोलीस पाटलाला काउबॉय टोपी घालू नका.

या बाबतीत बेन व्हीटलीच्या 'नॉर्मल'ची मांडणी मला आवडते, 2025 च्या टोरंटो फेस्टिव्हलमध्ये मध्यरात्रीच्या शोजमध्ये दाखवला होता तो. मिनेसोटातलं नॉर्मल नावाचं गाव, बॉब ओडेनकर्क तिथे तात्पुरता शेरीफ म्हणून येतो, बँकेवर दरोडा पडतो आणि गावाने झाकून ठेवलेलं बाहेर यायला लागतं. यातला 'तात्पुरता' हा शब्द लेखकाने फार विचार करून टाकलाय असं मला वाटतं. तात्पुरत्या माणसाला मत मागायचं नाही, गावाशी नातं जोडायचं नाही, त्याला फक्त दिवस काढायचेत. म्हणजे सुरुवातीला त्याच्याकडे डोळेझाक करायला पूर्ण कारण आहे, आणि डोळेझाक करणं कधी थांबवतो ही गोष्ट होते. तुमचा शेरीफ याच्या उलटा आहे, तिथेच जन्मलेला. मग त्याच्याकडे डोळेझाक करायला कारण कोणतं? प्रेम. तो सगळ्यांवर प्रेम करतो म्हणून त्याने बघितलं नाही. हे पहिल्या भागात पेरलं तर साठाव्या पानावर सिनेमा तुटणार नाही, कारण पहिल्या भागात ज्या गोष्टींवर आपण हसलो त्याच गोष्टी पुरावा म्हणून परत येतील.

पेरणी कशी करायची ते 'हॉट फझ'कडून शिका, 2007, एडगर राइट. तो इंग्लंडचा आहे, त्यात शेरीफ नाही, लंडनचा एक अतिहुशार पोलीस सँडफर्ड नावाच्या खेड्यात बदली होऊन येतो. शूटिंग झालं सॉमरसेटमधल्या वेल्स नावाच्या गावात (वेल्स देश नव्हे), राइटचं स्वतःचं गाव ते, आणि खेडं लहान दिसावं म्हणून तिथलं कॅथेड्रल चित्रातून पुसून टाकलं. या सिनेमात पळालेला राजहंस पकडायची तक्रार येते, निव्वळ वेळ घालवायला टाकल्यासारखी, आणि शेवटच्या पाठलागात तोच राजहंस गाडी झाडावर आदळवतो. कुंपणावरून उडी मारणं, डिटेक्टिव्ह सिनेमांचं वेड, समुद्रातला जुना सुरुंग, एकही गोष्ट वाया गेलेली नाही.

पण मला त्यातलं सगळ्यात जास्त काय पटतं माहितीये का? अधूनमधून फॉर्म भरायचे, फोटो काढायचे, स्टेपल मारायचे सीन आहेत, आणि राइटने ते ॲक्शनसारखे कापलेत, खट खट खट, बंदूक लोड केल्यासारखा आवाज. म्हणजे काम हीच ॲक्शन आहे हे तो सिनेमा आधी शिकवतो. मग शेवटी खरोखर बंदुका बाहेर येतात तेव्हा ती आधीपासून ओळखीची लय असते, नवीन सिनेमा सुरू झाल्यासारखं वाटत नाही. तुमच्या मित्रांनी जी तक्रार केलीये त्याचं हे थेट उत्तर आहे. दुसऱ्या भागाची लय पहिल्या भागात लपवा. गोळीबार कसा कापला जाणार ते तुमच्या शेरीफच्या कागदपत्रांत, दारं बंद करण्यात, गाडी सुरू करण्यात आधीच दिसू दे. आणि तो मोठा गोळीबार नीट बघा, समोर गावातले म्हातारे आहेत, पाद्री आहे, डॉक्टर आहे, आणि त्यांना मारून टाकत नाहीत, जखमी करून अटक करतात. त्यानंतर सगळे ठाण्यात बसून ढिगाने कागद भरतात. हे राइटने मस्करीत नाही ठेवलेलं. तो पोलीस आहे, त्याने लोकांना पकडलंय, आता रिपोर्ट लिहायला नको?

ॲक्शनची जागा समजणं हाही भाग आहे आणि लेखक तो डायरेक्टरवर सोडून देतात. चूक आहे. गाव एकच रस्त्याचं असलं तरी प्रेक्षकाला माहीत पाहिजे की डायनर कुठल्या बाजूला, बँक कुठे, आणि दोन्हींच्या मध्ये कोणाचं दुकान. 'द लास्ट स्टँड'मध्ये, 2013 चा, किम जी-वूनचा पहिला अमेरिकन सिनेमा, श्वार्झनेगर ॲरिझोनातल्या बॉर्डरजवळच्या गावाचा शेरीफ आहे. गावातले बरेचसे लोक फुटबॉल मॅचला बाहेरगावी गेलेत, म्हणजे रस्ता रिकामा करायला लेखकाने पटेल असं कारण दिलंय, आणि शेरीफ उरलेल्या चार माणसांना हाताशी धरतो, रस्ता अडवतो. नंतर दोन गाड्या वाळलेल्या मक्याच्या शेतात शिरतात आणि कोणालाच कोणी दिसत नाही. ॲक्शन सीनमध्ये जागा इतकी साधी ठेवली की हसूही आपोआप येतं. त्यातच तो एकदा दारातून आपटून डायनरमध्ये येतो, कोणीतरी विचारतं कसं वाटतंय, आणि तो म्हणतो म्हातारं. तो डायलॉग चालतो कारण तो स्वतःच्या दुखण्याबद्दल आहे, समोरच्याच्या मरणाबद्दल नाही. परत तोच मुद्दा.

शेरीफ किती कमी साधनांत गाव चालवतो हे दाखवायचं असेल तर जुना 1969 चा 'सपोर्ट युवर लोकल शेरीफ' बघा, जेम्स गार्नरचा. नवीन तुरुंग आहे पण गज अजून आलेलेच नाहीत. शेरीफ जमिनीवर खडूने रेघ ओढतो, रेघेजवळ लाल रंगाचे थोडे थेंब पाडलेले असतात, आणि कैद्याला सांगतो ही रेघ ओलांडायची नाही. कैदी त्या थेंबांकडे बघतो. आत बसून राहतो. गज नसलेला तुरुंग आणि चार थेंब रंग, हिंसा शून्य, पण ती हिंसा कैद्याच्या आणि आपल्या डोक्यात पूर्ण झालेली आहे. तुमच्या स्क्रिप्टमध्ये चाळीसाव्या पानापर्यंत धोका दाखवायला काहीच नाहीये ना, तर तिथे असं काहीतरी हवंय. रक्त नको, रक्ताची शक्यता हवी. ती पहिल्या भागात आली की दुसरा भाग आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

जखमांबद्दल एक गोष्ट पटकन. लागलं तर लागलेलं राहू द्या. खांद्याला गोळी लागलेला माणूस पुढच्या सीनमध्ये दोन्ही हातांनी दार ढकलत असेल तर प्रेक्षक मनातून सुटतो, परत हातात येत नाही. 'फार्गो'त कार्लच्या गालाला गोळी चाटून जाते, त्यानंतर तो मरेपर्यंत गालाला रक्ताळलेला बोळा धरून फिरतो, बोलणंही धड होत नाही. विनोदी दिसतो आणि भयंकरही दिसतो.

आणि शेवट. लाकडं बारीक करायच्या त्या मशीनचा सीन सगळ्यांना आठवतो तो त्यातल्या भयानकपणामुळे, मला आठवतो तो मार्जमुळे. तो मोठा गुन्हेगार आपल्याच साथीदाराचं प्रेत त्यात घालतोय, आणि मशीनचा आवाज एवढा आहे की ती ओरडते तरी त्याला ऐकू जात नाही. मग ती काय करते? टोपीवरचा पोलिसांचा बिल्ला बोटाने दाखवते. समोर राक्षसी काम चाललंय, ती एकटी, पोटात मूल, आणि ती नियमाप्रमाणे आधी आपण कोण ते सांगतेय. तो लाकडाचा ओंडका फेकून गोठलेल्या तळ्यावर पळतो, तिची एक गोळी हुकते, दुसरी पायाला लागते. पंचलाइन नाही. नंतर गाडीत तो मागे बसलाय, ती आरशातून त्याच्याशी बोलते, थोड्याशा पैशांसाठी एवढं केलंस, हे तिला खरंच समजत नाहीये. फ्रान्सेस मॅकडोरमंडला त्या कामासाठी ऑस्कर मिळालं, स्क्रिप्टलाही मिळालं, पण ते सोडा, एवढ्या खुनांनंतर गाडीत बसून एक बाई मनापासून गोंधळलेली आहे, हे बघून मला आजही गलबलून येतं.

तर आता तुमच्या न्हाव्याच्या सीनकडे. ती पंचलाइन काढाच. पण नुसती काढून भागणार नाही, तिथे काम भरायला लागेल. शेरीफने गोळी घातलीये ती त्याच खुर्चीजवळ जिथे तो वर्षानुवर्षं बसलाय. चौथ्या सीनमध्ये न्हावी त्याच्या मानेवरचे केस झटकतो असं तुम्ही लिहिलंय, ते छान आहे, तिथे अजून एक करा, दुकान बंद करताना न्हावी दारावरची पाटी उलटी करतो, 'उघडं आहे'ची 'बंद आहे', आणि कॅलेंडरवर शेरीफची पुढची तारीख लिहून ठेवतो. मग साठाव्या पानावर गोळी सुटल्यावर शेरीफने आधी नाडी बघावी. वायरलेसवर दुकानाचा पत्ता सांगावा, पूर्ण पत्ता, गावात सगळ्यांना माहीत असलेल्या दुकानाचा, कारण नियम तसा आहे. पलीकडची डिस्पॅचर विचारेल, कोण आहे तिथे, आणि त्याला नाव घ्यावं लागेल. इथे कोणी हसेल कोणी नाही हसणार, त्याची काळजी करू नका. मग त्याने बाहेर पडताना दारावरची पाटी उलटी करावी, कारण कोणीतरी दाढी करायला आत येईल. कॅलेंडर आपल्याला मागे दिसतंच आहे, त्याच्याकडे त्याला बघायला लावू नका.

हा एक सीन असा लिहून बघा आणि मग एक ते साठ पानं परत वाचा, कुठले जोक राहतात आणि कुठले आपोआप गळतात ते तुम्हालाच दिसेल. लिहून झाला की इथेच टाका, मी वाचून सांगतो कट कुठे पडेल ते.